मी न पाहिलेली जत्रा

मराठी समीक्षकांनी ज्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं आहे असा एकच वाङ्मयप्रकार मला दिसतो, आणि तो म्हणजे शालेय निबंध. कथेवर ग्रंथ आहेत, कादंबरीवर आहेत, नवकवितेवर तर कवितांपेक्षा ग्रंथच जास्त आहेत. पण महाराष्ट्रात दरवर्षी जो मजकूर लाखो हातांनी लिहिला जातो, ज्याचे बहुतेक लेखक सोळा वर्षांच्या आतबाहेरचे असतात आणि ज्याच्या वाचकाला वाचण्याबद्दल नगावर मानधन मिळतं, त्या निबंधाची गंभीर समीक्षा काही माझ्या वाचनात आलेली नाही.

आता ही उणीव भरून काढण्याचा अधिकार बी.कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनाला कुणी दिला, असं तुम्ही विचाराल. विचारा. वीस-बावीस वर्षं मी नोटा मोजतो आहे. खरी नोट कोणती आणि खोटी कोणती हे डोळ्यांच्या आधी माझ्या बोटांना कळतं. समीक्षा म्हणजे तरी वेगळं काय असतं? फरक इतकाच, की आमच्याकडे खोटी नोट निघाली की ती जप्त करून तिच्यावर शिक्का मारतात. निबंधात खोटी नोट निघाली की तिला दहापैकी आठ मार्क देतात.

या विषयाकडे मी वळलो तो बदलीमुळे. ‘वाडी रत्नागिरी’ असा हुकूम आला तेव्हा आमच्या नातेवाइकांनी त्यातला पहिला शब्द ऐकलाच नाही. मेहुणीनं सुरमई कशी ओळखायची ते शिकवलं, सासऱ्यांनी हापूसच्या चार पेट्यांची ऑर्डर आगाऊ दिली. वाडी रत्नागिरी म्हणजे जोतिबाचा डोंगर, कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात, आणि तिथून समुद्र दिसायचा तर मधला सह्याद्री हलवावा लागेल, हे समजावून सांगता सांगता माझा महिना गेला. पेट्यांच्या बदल्यात मी सासऱ्यांना जोतिबाचा दवणा पाठवला. त्यांनी तो कशाशी खायचा म्हणून विचारलं.

डोंगरावरच्या शाखेत बसलेल्या माणसाला चैत्र पौर्णिमा कॅलेंडरात बघावी लागत नाही. ती खिडकीतून आत येते. आजचं मोठं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. तेव्हाचा दगड काळा असणार, पण यात्रेच्या दिवशी तो काळा आहे हे सांगून खरं वाटत नाही. देव गुलाबी, देऊळ गुलाबी, पोलीस गुलाबी, एस.टी. गुलाबी. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून लाखो माणसं येतात. उंचच उंच सासनकाठ्या नाचवत येतात. साताऱ्याकडच्या पाडळीच्या काठीचा पहिला मान. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हटलं की मूठमूठ गुलाल आणि खोबरं हवेत जातं. गुलाल खाली यायला वेळ लागतो, खोबरं मात्र नेमकं डोक्यावर येतं. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघते. दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर नोटा येतात त्याही गुलाबी. रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली दोन हजारांची गुलाबी नोट काढली आणि २०२३ साली ती परत घ्यायची ठरवली. आमच्या शाखेत दहाच्या नोटेपासून पाचशेपर्यंत सगळं चलन वर्षातून एकदा गुलाबी होत आलं आहे आणि त्याबद्दल कुणी कधी भाषण केलेलं नाही.

अशा या गावाजवळच्या एका शाळेनं निबंधस्पर्धा घेतली. आमच्या बँकेनं बक्षिसादाखल कंपासपेट्या दिल्या, आणि कंपासपेट्यांच्या पाठोपाठ परीक्षक म्हणून मलाही दिलं. विषय होता ‘मी पाहिलेली जत्रा’. एकेचाळीस निबंध होते. मी म्हटलं, वा! जोतिबाच्या पायथ्याशी वाढलेली पोरं, आणि विषय जत्रा. म्हणजे सोनाराच्या पोराला ‘मी पाहिलेलं सोनं’ दिल्यासारखंच. चहाचा कप बाजूला ठेवून मी पहिला निबंध उघडला.

“आमच्या गावापासून पाच मैलांवर एका टुमदार खेड्यात ग्रामदेवतेची जत्रा भरते.”

पाच मैल! ज्या पोराचा बाप रोज किलोमीटरच्या हिशेबानं जीप चालवतो त्यानं हे लिहिलं होतं. मैल हे माप आता महाराष्ट्रात फक्त दोन ठिकाणी शिल्लक आहे, मैलाच्या दगडात आणि शाळेच्या निबंधात. पुढं आमराई होती, झुळझुळणारा ओढा होता. मग आकाशपाळणा, रंगीबेरंगी फुगे, बत्तासे, कुस्त्यांचा फड, आणि शेवटी “सूर्य अस्ताचलाला गेला तेव्हा जड पावलांनी आम्ही घरची वाट धरली. तो दिवस मी कधीच विसरणार नाही.” गुलालाचा एक कण नाही. सासनकाठी नाही. घोडा नाही, गुरव नाही, दवणा नाही.

दुसरा निबंध उघडला. पाच मैल. तिसरा उघडला. पाच मैल. एकानं सहा लिहिले होते. मी त्याला मौलिकतेबद्दल अर्धा गुण जास्त दिला. आमच्याकडे नोटांच्या बंडलात सगळे नंबर एका ओळीत आले तर तो कोऱ्या नोटांचा गठ्ठा असतो, छापखान्यातून थेट आलेला. कुणाच्या खिशात गेलेला नाही, कुणाच्या घामानं मऊ झालेला नाही. हा गठ्ठा तसाच होता. आणि आणखी एक गंमत. आमच्या कोल्हापूरकडच्या मुली बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. पुण्याचा पाहुणा दचकतो, आम्हांला त्यात काही वाटत नाही. पण निबंधात एकही मुलगी ‘गेलो’ नव्हती, सगळ्या ‘गेले’ होत्या. म्हणजे जत्रेला जाताना पाय कोल्हापूरचे आणि क्रियापद पुण्याचं.

इथं थोडी शास्त्रशुद्ध समीक्षा करायला हवी. शालेय निबंधाचे, माझ्या अभ्यासाप्रमाणे, तीन संप्रदाय आहेत.

पहिला वर्णनसंप्रदाय. यात पाऊस नेहमी ‘रिमझिम’ पडतो, पक्षी ‘किलबिलाट’ करतात आणि पहाट ‘रम्य’च असते. आमच्या डोंगरावर पाऊस आडवा येतो आणि छत्री उलटी करून पुढं जातो. पण तसा पाऊस लिहिला तर त्याला मार्क नाहीत.

दुसरा आत्मवृत्तसंप्रदाय. फाटकं पुस्तक, तुटकी खुर्ची, जुनी छत्री, नदी, वडाचं झाड यांपैकी कुणीतरी बोलू लागतं. बोलू लागतं म्हणजे रडू लागतं. या वस्तूंपैकी एकही आनंदात असलेली मी पाहिलेली नाही. आमच्या बँकेतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यालासुद्धा इतकी रड नसते. सगळं रडून झालं की आई हाक मारते, “ऊठ, शाळेला उशीर झाला!” आणि स्वप्न संपतं. मराठीतल्या एवढ्या मोठ्या लेखकवर्गाला एकच स्वप्न पडतं, आणि त्यातून उठवणाऱ्या आईचं वाक्यही एकच असतं.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा संप्रदाय जर-तरचा. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘परीक्षा नसत्या तर’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. यालाच कल्पनाप्रधान निबंध म्हणतात. आता नीट बघा. सूर्य उगवला नाही तर प्रथम मजा वाटते, शाळा नाही, अभ्यास नाही. मग सातव्या ओळीपासून पिकं करपतात, फुलं कोमेजतात, माणसं आजारी पडतात, आणि शेवटी लेखक हात जोडून म्हणतो, “नको रे बाबा! सूर्य उगवलाच पाहिजे.” परीक्षा नसत्या तर? शेवटी परीक्षा हव्यातच. शाळा बंद झाल्या तर? नको, नको, शाळा चालूच राहू देत. म्हणजे कल्पनेला वीस ओळींच्या पॅरोलवर सोडायचं, आणि एकविसाव्या ओळीला तिनं स्वतःच्या पायांनी तुरुंगात परत येऊन फाटकाला आतून कडी लावायची. कल्पनेनं माफी मागितल्याशिवाय निबंध संपत नाही. कल्पनाशक्तीला उत्तेजन देण्यासाठी शोधलेल्या प्रकारात कल्पनेकडून दरवेळी माफीनामा लिहून घेतला जातो, ही माझी या वाङ्मयप्रकाराविरुद्धची मुख्य तक्रार आहे.

असो. एकोणचाळिसावा निबंध उघडला तेव्हा माझ्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. अक्षर कोंबडीच्या पायांचं होतं. ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब आमच्या जुन्या लेजरसारखा, कुठंच जुळत नव्हता. पण मजकूर असा : जत्रेत आम्ही जत्रा बघत नाही, आम्ही दुकानात असतो. मी काउंटरच्या खाली बसून नारळ देतो म्हणून मला जत्रेतल्या माणसांचे फक्त पाय दिसतात. चालत आलेले पाय आणि गाडीनं आलेले पाय ओळखू येतात. गाडीनं आलेल्याची चप्पल हरवली तर तो ओरडतो. चालत आलेला ओरडत नाही, त्याच्या पायांत चप्पलच नसते. आमची पांढरी शेळी जत्रेत गुलाबी होते. तिचं करडू तिला आधी ओळखत नाही, मग वास घेतं आणि ओळखतं. आमच्या भिंतीवरचा गुलाल पावसाळ्यापर्यंत राहतो. पहिला पाऊस पडला की गटारातून लाल पाणी जातं, तेव्हा आमची जत्रा संपते. आणि मध्येच एक वाक्य : सासनकाठी सरळ उभी राहते असं लोक म्हणतात पण ती सारखी पडतच असते, दोरीवाले तिला पडू देत नाहीत.

मी चहा प्यायला विसरलो. तीन चैत्र मी त्या काठ्या पाहिल्या होत्या. एकजण पेलतो, बाकीचे चारी बाजूंनी दोऱ्या धरतात, काठी नाचते, आणि आपण माना वर करून चांगभलं म्हणतो. ती ‘पडतच असते’ हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. विज्ञानाचा शिक्षक याला अस्थिर समतोल म्हणेल आणि फळ्यावर बाण काढेल. या पोरानं तो काउंटरखालून, नारळ मोजता मोजता, पाहिला होता.

निबंधावर शाळेतल्या गुरुजींनी आधीच लाल शाईनं प्राथमिक तपासणी केली होती. शेळीपुढं ‘अनावश्यक’. सासनकाठीच्या वाक्यापुढं प्रश्नचिन्ह. खाली शेरा, ‘मुद्दे सोडून लिहिले आहे’, आणि दहापैकी चार.

मी गुरुजींना भेटलो. गुरुजी भला माणूस. साठ पोरांचा वर्ग, त्यात जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सरकारची सगळी मोजदाद त्यांच्याच गळ्यात. ते म्हणाले, “साहेब,” – कारकुनाला साहेब फक्त डोंगरावरच म्हणतात – “तुमचं बरोबर हाय. पोरगं हुशार हाय, मलाबी कळतंय. पण दहावीला पेपर कुठं जातोय, कोण तपासतोय, काय ठाऊक? त्याच्यापुढं गठ्ठा असतोय. त्यानं जोतिबा बघितलेला नसला तर? त्याला पाळणा दिसला की मार्क द्यायला बरं पडतंय. शेळी दिसली की तो थांबतोय, आणि थांबला की मार्क कापतोय. चौकटीबाहेर लिहून पोराचं नुकसान झालं तर त्याच्या आईला मी काय सांगू? तुमच्या बँकेत तरी फॉर्मवर चौकटीबाहेर लिहिलेलं चालतंय का?”

मी गप्प बसलो. आमच्या बँकेत चौकटीच्या आत लिहिलेलंसुद्धा चालत नाही. पुन्हा झेरॉक्स आणायला सांगतात.

बक्षीस कुणाला द्यायचं यावर बैठक झाली. पहिलं बक्षीस मोत्यांसारख्या अक्षरातल्या पाच मैलांना गेलं. मी एकोणचाळीस नंबरासाठी भांडलो, तेव्हा सगळ्यांनी मोठ्या मनानं त्याला उत्तेजनार्थ दिलं. आता या शब्दाचं काय करावं सांगा. आपल्याकडे ज्याला उत्तेजन द्यायचं त्याला पहिला नंबर देत नाहीत. पहिला, दुसरा, तिसरा हे ज्यांना उत्तेजनाची गरज नाही अशांना वाटून झाले की जे उरतं त्याला उत्तेजन म्हणतात. सर्जनशील विचाराला शाळेत उत्तेजन मिळत नाही, असं कोण म्हणतो? चौथ्या नंबराचं मिळतं. कंपासपेटीच्या जागी एक पेन्सिल.

तुम्ही म्हणाल, ही एका डोंगरावरची गोष्ट. वर दिल्ली-मुंबईला मोठमोठी माणसं यावर विचार करत असतील. करतात ना! २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं पहिलंच तत्त्व सांगितलं की शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, आणि दुसरं सांगितलं की घोकंपट्टीपासून दूर चला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सर्जनशीलता आणि चिकित्सक विचार हे शब्द आहेत. महाराष्ट्रात २०१९ च्या मार्चमध्ये दहावीला नव्या अभ्यासक्रमाची कृतिपत्रिका आली. प्रश्नपत्रिका म्हटलं की उत्तर पाठ करतात, म्हणून नावच बदललं. त्यात ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. स्वमत म्हणजे स्वतःचं मत. मला वाटलं, आता आली पंचाईत, आता पोरांना मत बाळगावं लागणार. पण महाराष्ट्र पंचाईत होऊ देत नाही. बाजारात गेलो तर मार्गदर्शक पुस्तकांत स्वमताची तयार उत्तरं छापलेली! ‘तुमचं मत लिहा’ या प्रश्नाचं उत्तर पान अमुकवर. म्हणजे माझं मत काय आहे हे कळण्यासाठी मी दुसऱ्याचं पुस्तक विकत घ्यायचं, ते पाठ करायचं, आणि परीक्षेच्या दिवशी आठवलं नाही तर म्हणायचं, “सर, माझं मत मी विसरलो.” बँकेच्या भाषेत याला दुसऱ्याच्या खात्यावर आपली सही करणं म्हणतात. आमच्याकडे त्याला कलम लागतं.

शिवाय २०२४ मध्ये सरकारनं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ नावाचा उपक्रम जाहीर केला. हेतू उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त नाव ऐकल्यावर बाकीच्या पाच वारांबद्दल मन थोडं साशंक होतं, इतकंच.

सर्जनशीलता मोजायची कशी, यावर अमेरिकेतही पुष्कळ डोकं चाललेलं आहे. तिकडं गिल्फर्ड नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९५० साली तिथल्या मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भाषण केलं, की आपण बुद्धी मोजत बसलो आणि सर्जनशीलतेकडे बघितलंच नाही. पुढं त्यांच्या पद्धतीची एक चाचणी प्रसिद्ध झाली. साधी वीट घ्या आणि तिचे जितके सुचतील तितके उपयोग सांगा. जितकी उत्तरं वेगळी आणि दुर्मीळ, तितके गुण जास्त. हा प्रश्न मी आमच्या डोंगरावरच्या चार पोरांना विचारला. पहिलं उत्तर आलं, “इठोबाला उभं राहायला.” अमेरिकेत हे उत्तर कुणी दिलं असतं तर त्याला प्रतिभावंत म्हणून वेगळं बसवलं असतं. पंढरपुरात त्याला गुण शून्य, कारण तिथं तेच सगळ्यांना सुचणार. तेव्हा दुर्मीळ उत्तर म्हणजे सर्जन, हे माप मला पुरतं पटलेलं नाही. शेळी गुलाबी होते ही गोष्ट डोंगरावर सगळ्यांनी पाहिलेली आहे, त्यात दुर्मीळ काही नाही. पण लिहिली एकानं. नवं सुचणं हा पुढचा भाग झाला. आपण जे पाहिलं ते वहीत यायला परवानगी आहे, हे मुलाला कळणं ही त्याची पहिली पायरी आहे. आपलं भांडण पहिल्या पायरीवरच अडलेलं आहे.

आणि ही परवानगी देणारी माणसं झालीच नाहीत असं नाही. त्यासाठी अमेरिकेला जायला नको, डोंगर उतरून कोल्हापुरात आलं तरी पुरे. शिक्षकांना शिकवण्यात ज्यांची नोकरी गेली त्या लीलाताई पाटलांनी निवृत्तीनंतर, १९८५ साली, कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. लीलाताई म्हणजे ना. सी. फडक्यांच्या कन्या. वडिलांनी लेखकांसाठी ‘प्रतिभासाधन’ लिहिलं. मुलीनं, प्रतिभा लेखकांच्याच घरी जन्मते हे मान्य न करता, ती पहिलीच्या वर्गात शोधली. मुलांचं रोजचं जगणं हाच शिकण्याचा कच्चा माल, हा त्यांचा आग्रह. भीती आणि चढाओढ शाळेच्या उंबऱ्याबाहेर. २०२० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’. बी.कॉम. माणसाला हे शीर्षक वाचून फार बरं वाटलं, कारण कामाची इतकी स्वच्छ वाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आपल्या शाळांत खाती उलटी पडली आहेत. लिहिणं शिक्षकांचं, ते फळ्यावर निबंध लिहून देतात. आणि शिकणं मुलांचं, ती मार्क कसे मिळतात ते शिकतात.

लीलाताईंच्या कामावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो मी गुरुजींच्या वतीनं नोंदवतो. एक शाळा, मोजकी मुलं, झपाटलेल्या बाई. हे साठच्या वर्गात कसं करायचं? आक्षेपात तथ्य आहे. एकेकाला वेळ देऊन लिहितं करणं हे काम पगाराच्या तासांत मावत नाही. पण मी त्या एकोणचाळिसाव्या निबंधाचा खर्च काढून पाहिला. त्याला प्रयोगशाळा लागली नव्हती, प्रशिक्षण लागलं नव्हतं, अनुदान तर नाहीच. शेळीपुढं ‘अनावश्यक’ लिहायला जितकी शाई लागली, तेवढ्यात ‘मग करडानं काय केलं?’ हा प्रश्न लिहून झाला असता. अक्षरं थोडी जास्त, पण बाटली तीच. साठ पोरांना साठ प्रश्न रोज विचारता येणार नाहीत हे मला मान्य आहे. आठवड्याला पाच विचारले तर तीन महिन्यांत सगळ्यांची पाळी येते. हे गणित आहे, आणि गणित हा माझा विषय आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. त्या दंडानं मूल शाळेत आलं. शंभर वर्षं उलटून गेली, आता मूल येतं. पण येताना शेळी, नारळ, दोरी आणि गुलाल फाटकाबाहेर ठेवून येतं, जसे आपण देवळाबाहेर चप्पल ठेवतो. फरक एवढाच, की देवळातून बाहेर पडताना आपण चप्पल शोधतो. पोरं दहा वर्षांनी शाळेतून बाहेर पडतात तेव्हा आत जाताना काय काढून ठेवलं होतं हेच त्यांना आठवत नाही.

तो मुलगा मला पुढच्या वर्षी दुकानात भेटला. मी नारळ घेतला आणि सासनकाठीचं विचारलं. त्यानं लगेच कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा उचलला आणि तळव्यावर उभा करून दाखवला. “बगा सर, हात हलतोय तवर ही पडत न्हाई. हात थांबला की पडली.” दोन-तीनदा करून दाखवलं. मी म्हटलं, “हे लिहिलंस का कुठं?” तो हसला. म्हणाला, “न्हाई सर. आता निबंधाला आठ पडत्यात. गाईड घेतलंय.”

त्याच्या आईनं मोठ्या कौतुकानं मान हलवली. त्या माउलीला मी काय सांगणार? चारचे आठ झाले होते. कुठल्याही हिशेबानं हा शंभर टक्के नफाच. फक्त मी कॉमर्सवाला असल्यामुळे मला दुसरी बाजूही दिसते. जमेच्या बाजूला चार मार्क वाढले होते, आणि खर्चाच्या बाजूला एक शेळी, तिचं करडू, चालत आलेले पाय आणि पावसाळ्यापर्यंत टिकणारा गुलाल, इतकं सगळं एकाच वर्षात निर्लेखित झालं होतं. अशा ताळेबंदावर मी तरी सही केली नसती.

तेव्हा समीक्षेच्या अखेरीस सूचना करायची पद्धत आहे, म्हणून एक करतो. निबंधाचा विषय असा द्यावा, की ज्याचं उत्तर गाईडात नाही आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही. ‘सासनकाठी का पडत नाही?’ हा एक. ‘करडू आईला कशावरून ओळखतं?’ हा दुसरा. ‘आमच्याकडे पाऊस कुठल्या बाजूनं येतो?’ हा तिसरा. मग परीक्षकाला निबंध वाचावाच लागेल, कारण वाचल्याशिवाय त्याला उत्तर कळणार नाही. अशा परीक्षेला अडचण एकच, की उत्तर ठाऊक नसलेले परीक्षक मोठ्या संख्येनं आणायचे कुठून? त्याची काळजी शिक्षण खात्यानं करू नये. आमच्या बँकेत कुठल्याही काउंटरवर चौकशी करावी.